ट्रकचा ईसीएम खरंच गेलाय का ते कसं शोधायचं, आणि गेलाच असेल तर कसा बदलायचा

मागच्या जूनमध्ये कळंबोलीला एक दहा टायर गाडी टो करून माझ्याकडे आणली, मालक स्वतः सोबत आले होते आणि त्यांच्या हातात नव्या ईसीएमचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, रिकामा बॉक्स होता. आधीच्या मिस्त्रीने सांगितलं होतं ईसीएम उडालाय, म्हणून नवीन घेतला, बसवला, प्रोग्राम पण करून घेतला, तरी गाडी तशीच. चावी लावली की कधी चेक लाइट येते कधी येत नाही, सेल्फ फिरतो पण इंजिन उचलत नाही, आणि मध्येच एखाद्या वेळी काही न करता स्टार्ट होते. मालक विचारत होते, "भाऊ, हा नवीन पण खराब निघाला का हो?" मी हेडलाइटचा बल्ब लावून अर्थिंग चेक केलं आणि १० मिनिटांत सापडलं. महिन्याभरापूर्वी गाडी पासिंगला नेली होती, पासिंगच्या आधी चेसिसला रंग मारला, रंग मारताना ईसीएमच्या अर्थिंगचा बोल्ट खोलला आणि परत लावताना आयलेटच्या (वायरच्या टोकाच्या रिंगच्या) खाली रंगाचा थर तसाच राहिला. पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट टाइट केला, गाडी चालू झाली. ईसीएमचे पैसे मात्र गेले ते गेलेच, कारण इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की दुकानदार परत घेत नाही.

असं वर्षातनं बऱ्याच वेळा बघतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण एक-दोन गाड्यांच्या मालकाला तेवढ्या पैशात दोन महिने हप्ता भरता आला असता. म्हणून जे मी रोज करतो ते सगळं क्रमाने लिहितोय. आकडे २४ व्होल्टच्या गाडीचे आहेत, टेम्पो किंवा छोटा हत्ती टाइप १२ व्होल्टची गाडी असेल तर बॅटरीचे आकडे निम्मे धरा, सेन्सरचे आणि कॅनचे (गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात त्यांचे) तेच राहतात. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर पाइपमधून डिझेल देणाऱ्या) बीएस ४ आणि बीएस ६ गाड्या धरून लिहिलंय.

आधी सामान आणि दोन सावधगिरीच्या गोष्टी

चांगला डिजिटल मल्टिमीटर, २४ व्होल्ट २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प, एक २४ व्होल्टचा एच४ हेडलाइट बल्ब होल्डरसकट, कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लगच्या) मागून आत सरकणाऱ्या बारीक पिना, आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, आणि जे१९३९, म्हणजे जड गाड्यांतल्या कॉम्प्युटरची भाषा, वाचणारा स्कॅनर. मीटर, पिना, आयपीए हे सगळं लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, एका फेरीत मिळतं. पण ह्या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याच मॉडेलचा, त्याच बीएस नॉर्मचा वायरिंग डायग्राम. कुठल्या पिनला बॅटरी, कुठल्या पिनला अर्थ, कुठल्या पिनला ५ व्होल्ट हे कागदावर समोर नसेल तर कपलरला हातच लावू नका, अंदाजाने पिन धरून करंट दिला की चांगला ईसीएम आपल्या हातानेच जातो.

सावधगिरी एक, इंजिन चालू असताना रेलमध्ये १६०० ते २००० बारपर्यंत प्रेशर असतं, त्यामुळे डिझेलचा पाइप ढिला करून बघायची जुनी सवय इथे चालणार नाही, ती धार कातडीतून आत शिरते. दोन, इंजेक्टरच्या वायरला ईसीएम बॅटरीपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देतो, इंजिन चालू असताना इंजेक्टरचा कपलर काढू नका आणि तिथे टेस्ट लॅम्प तर अजिबात नको.

आणि अजून एक, आमच्याकडे नवीन येणाऱ्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो ते, वायरचं इन्सुलेशन टोचून करंट बघायचा नाही. त्या बारीक भोकातून पावसाचं पाणी आत जातं आणि तांब्याच्या तारांमधून हळूहळू सरकत कपलरपर्यंत, कधी कधी ईसीएमच्या आतपर्यंत पोचतं. मुंबईत चार महिने पाऊस आणि बाकी वेळ खारी हवा, न्हावा शेवाला रोज जाणाऱ्या गाड्यांच्या पिना बघा, दोन वर्षांत हिरव्या झालेल्या असतात. कपलरच्या मागून पिन घाला, आणि पुढून मीटरची जाड पिन कोंबू नका, टर्मिनल फाकलं की मग कनेक्शन ढिलं राहतं आणि तो नवा फॉल्ट तुम्हीच लावलेला असतो.

ड्रायव्हरशी नीट बोला

इथे घाई करू नका. स्कॅनर लावायच्या आधी ड्रायव्हरला चहा पाजा आणि विचारा. बंद कधी पडते, थंड असताना की गरम झाल्यावर? खड्ड्यात आपटल्यावर का? पाऊस पडल्यावर का? गाडी नुकतीच धुतली का, आणि धुताना प्रेशर पंपाचं पाणी इंजिनावर मारलं का? बॅटरी बदलली का, दुसऱ्या गाडीवरून करंट घेऊन स्टार्ट केली का, तेव्हा वायर उलटी लागली होती का? बॉडीला वेल्डिंग केलं का? जीपीएस किंवा डिझेल मोजायचं मशीन नवीन बसवलं का? गाडी किती दिवस उभी होती आणि कुठे?

ह्यातल्या एकेका प्रश्नात अर्धा फॉल्ट सापडतो. तुर्भ्याच्या मार्केटला धान्याच्या गोडाऊनजवळ आठवडाभर उभी राहिलेली गाडी असेल तर मी सगळ्यात आधी टॉर्च घेऊन उंदराने कुरतडलेली वायर शोधतो. जीपीएस नवीन लावला असेल तर डॅशबोर्डखाली टेप गुंडाळलेला जोड शोधतो, कारण बसवणारा घाईत असतो आणि जी वायर हाताला लागली तिला टॅप मारून निघून जातो, ती वायर ईसीएमच्या इग्निशनची असू शकते. वेल्डिंग झालं असेल तर मात्र ईसीएमवरचा संशय खरंच वाढतो, त्याबद्दल खाली सांगतो.

कोड वाचा, लिहून घ्या, लगेच डिलीट करू नका

स्कॅनर लावला की सगळ्या सिस्टिमचे कोड मोबाइलवर फोटो काढून ठेवा, फक्त इंजिनचे नाही, एबीएस, क्लस्टर (डॅशबोर्डचा मीटर), बीएस ६ असेल तर एससीआरचे (युरियाने धूर साफ करणाऱ्या सिस्टिमचे) पण. कोड किती वेळा आला आणि किती किलोमीटरला आला हे दिसत असेल तर ते पण.

आता कुठले कोड ईसीएमकडे बोट दाखवतात? पी०६०१ म्हणजे आतल्या मेमरीचा चेकसम चुकतोय, पी०६०५ म्हणजे रॉमचा फॉल्ट, पी०६०६ म्हणजे प्रोसेसरचा. जे१९३९ च्या भाषेत एसपीएन (कुठला भाग) ६२९ एफएमआय (कसला बिघाड) १२, कमिन्स इंजिनला हाच फॉल्ट १११ नंबरने दिसतो. हे कोड आले म्हणजे ईसीएम स्वतःबद्दलच तक्रार करतोय. पण तरी लगेच विश्वास ठेवू नका, सेल्फ मारताना व्होल्टेज खूप खाली गेलं की चांगला ईसीएम पण असा कोड टाकू शकतो. सोबत पी०५६२ म्हणजे व्होल्टेज लो चा कोड असेल तर आधी बॅटरी आणि वायरिंग. पी०६०२ आला तर तो प्रोग्रामिंग अपूर्ण राहिल्याचा असतो, डबा म्हणजे ईसीएम बदलायची गरज पडेलच असं नाही. आणि पी०६४१ असेल तर ५ व्होल्टच्या लाइनचा, त्यात बहुतेक वेळा कुठला तरी सेन्सरच शॉर्ट असतो.

स्कॅनर इंजिनशी बोलतच नाही, हे सगळ्यात फसवं लक्षण. एबीएस आणि क्लस्टर वाचतोय आणि त्यांच्यात यू०१०० म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटल्याचा कोड आहे, पण ईसीएम गप्प आहे, तर प्रॉब्लेम ईसीएमच्या करंटचा, त्याच्याकडे जाणाऱ्या कॅन वायरचा किंवा ईसीएमचा. काहीच वाचत नसेल तर आधी स्कॅनर लावायच्या डायग्नोस्टिक कपलरमध्येच करंट आहे का बघा, १६ पिनवाल्यात १६ नंबरला बॅटरी प्लस आणि ४ नंबरला अर्थ असतो, ९ पिनच्या गोल कपलरमध्ये बी ला प्लस आणि ए ला अर्थ. फ्यूज उडालेला असतो आणि आपण उगाच ईसीएमला दोष देतो.

बॅटरी, चार्जिंग

दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, प्रत्येकी १२.६ च्या आसपास, आणि दोघींत फरक नको. एक १२.६ आणि दुसरी ११.९ असेल तर आधी बॅटरी. सेल्फ मारताना जोडीचं व्होल्टेज १८ च्या खाली जाऊ देऊ नका. चालू गाडीत २७.५ ते २८.५ पाहिजे, ३० च्या वर दिसलं तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय आणि तो दुरुस्त न करता नवा ईसीएम लावला तर तो पण जाणार. मीटर एसीवर ठेवून पण बघा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अल्टरनेटरचे डायोड बघा.

करंट आणि अर्थ, लोड टाकून

हे ह्या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, इथे अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

नुसता मीटर लावून २४ व्होल्ट दिसलं म्हणून वायर चांगली असं समजणारे खूप जण आहेत. एक उदाहरण मी नेहमी देतो. वायरमध्ये तीस तारा आहेत, एकोणतीस तुटल्या आणि एकच राहिली, तरी मीटर २४ व्होल्टच दाखवणार, कारण मीटर करंट ओढतच नाही. ईसीएम मात्र इंजेक्टर उघडताना ढसाढसा करंट ओढतो आणि त्या एका तारेतून तेवढा जात नाही, व्होल्टेज कोसळतं, ईसीएम रिसेट होतो. चेक लाइट येते-जाते, गाडी झटका देऊन बंद पडते, आणि लोक म्हणतात ईसीएम गेला. म्हणून लोड टाकूनच बघायचं.

करायचं असं. चावी बंद. बीएस ६ गाडी असेल तर चावी बंद केल्यावर काही मिनिटं थांबा, युरियाचा पंप लाइन रिकामी करत असतो, लगेच कट ऑफ स्विच (बॅटरीचा मेन स्विच) मारला तर युरिया आत सुकून दगड होतो. मग कट ऑफ बंद करा, ईसीएमचा गाडीच्या बाजूचा कपलर लिव्हर उचलून सरळ ओढा, वायर धरून खेचू नका. आत टॉर्च मारून बघा, हिरवं चढलंय का, पाणी आहे का, एखादी पिन मागे गेलीय का, काळी पडलीय का. पिन मागे सरकलेली सापडली तर बऱ्याचदा काम तिथेच संपतं.

आता कट ऑफ चालू करा. डायग्रामवरून बॅटरी प्लसच्या आणि अर्थच्या पिना ओळखा. योग्य मापाचं टर्मिनल लावून २१ वॅटचा बल्ब प्लस आणि अर्थच्या मध्ये लावा, एकेक प्लस आणि एकेक अर्थ, सगळ्या जोड्या. बल्ब डायरेक्ट बॅटरीवर जेवढा पेटतो तेवढाच पेटला पाहिजे, आणि पेटलेल्या बल्बच्या दोन टोकांना मीटर लावला तर बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक नको. नंतर सगळ्या प्लस एकत्र आणि सगळे अर्थ एकत्र धरून एच४ चा बल्ब लावा, तो साधारण ३ अँपिअर ओढतो. काही गाड्यांत प्लसच्या पिनला करंट मेन रिलेमधून येतो आणि तो रिले ईसीएम स्वतः ओढतो, अशा गाडीत कपलर काढल्यावर तिथे करंट दिसणारच नाही, रिले काढून त्याच्या जागी फ्यूजवाला जम्पर लावून चेक करा. हा बल्ब फक्त बॅटरी आणि अर्थच्या पिनांवरच, सेन्सरच्या किंवा इंजेक्टरच्या पिनला चुकूनही लावायचा नाही.

बल्ब मंद पेटला तर मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी ईसीएमच्या अर्थ पिनवर. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ खराब. तसंच प्लसला, बॅटरी प्लस ते ईसीएमची प्लस पिन, अर्ध्या व्होल्टच्या आत. मग एकेक जोड मागे मागे जात बघा, कपलर, फ्यूज, रिले, कट ऑफ स्विच, बॅटरी टर्मिनल. मुंबईच्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त वेळा चेसिसवरचा अर्थिंगचा बोल्ट, फ्यूज होल्डरचे ढिले झालेले ओठ आणि कट ऑफ स्विचच्या आतले जळलेले कॉन्टॅक्ट सापडलेत.

इग्निशनची पिन विसरू नका. सेल्फ मारताना ती वायर बघा, चावीचा स्विच जुना झाला की स्टार्ट पोझिशनला इग्निशन तुटतं, सेल्फ फिरतो आणि ईसीएमला वाटतं चावी बंद आहे.

५ व्होल्टची लाइन

ईसीएम सेन्सरना ५ व्होल्ट देतो, ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये पाहिजे. बहुतेक ईसीएममध्ये अशा दोन-तीन वेगळ्या लाइनी असतात आणि एकेका लाइनवर अनेक सेन्सर. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की लाइन शून्यावर येते, मग पॅडलचा कोड, रेल प्रेशरचा कोड, बूस्टचा कोड सगळे एकदम येतात आणि गाडी पिकअप घेत नाही किंवा स्टार्टच होत नाही. बघणाऱ्याला वाटतं एवढे सेन्सर एकदम कसे जातील, म्हणजे ईसीएमच गेला.

चावी चालू ठेवून मीटर ५ व्होल्टवर लावा आणि त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो सेन्सर किंवा त्याची वायर. सगळे काढले तरी शून्य, तर ईसीएमचा कपलर काढून हार्नेसमधली (वायरींच्या जुडग्यातली) ती वायर अर्थला किंवा प्लसला चिकटलीय का बघा, हार्नेस बहुतेक वेळा इंजिनच्या ब्रॅकेटवर घासून कापलेला असतो. हार्नेस साफ, करंट-अर्थ लोडवर पास, आणि तरी ईसीएम ५ व्होल्ट देत नाही, तेव्हा पहिल्यांदा मी मालकाला फोन करतो की शेठ, ईसीएमची शक्यता आहे.

कॅनच्या दोन वायरी

कट ऑफ बंद करून डायग्नोस्टिक कपलरच्या कॅन हाय आणि कॅन लो मध्ये ओहम मोजा, १६ पिनमध्ये ६ आणि १४, ९ पिनमध्ये सी आणि डी. ६० च्या आसपास यायला पाहिजे कारण दोन्ही टोकांना १२० चा एकेक रेझिस्टर असतो. १२० आले तर एक टोक तुटलंय. पण काही गाड्यांत एक रेझिस्टर ईसीएमच्या आतच असतो, ईसीएमचा कपलर काढून मोजलं तर १२० दिसणारच, घाबरू नका. काही गाड्यांत मध्ये गेटवे असतो, तिथे आकडा वेगळा येतो, डायग्राम बघा. ४०-५० आले तर कोणीतरी जास्तीचं यंत्र लाइनवर चढवलंय, ते काढून परत मोजा. चावी चालू केल्यावर हाय अडीचच्या थोडा वर, लो अडीचच्या थोडा खाली, दोघांची बेरीज ५ च्या आसपास.

हलवून आणि गरम करून

गाडी चालू ठेवा आणि हार्नेस वीतभर वीतभर हलवत जा, दुसरा माणूस स्कॅनर बघेल. गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत ईसीएमला केस सुकवायच्या ड्रायरने हळूहळू गरम करा, हीट गन नको. गरम झाला की बंद आणि थंड झाल्यावर चालू, दोन-तीन वेळा सारखंच झालं आणि तेव्हा करंट-अर्थ नीट असेल, तर आतल्या बोर्डावरचा जोड सुटतोय. इंजिनवर बसवलेल्या काही ईसीएमच्या मागे थंड ठेवायला डिझेल फिरवणारी प्लेट असते, तिचा पाइप चोक झाला तरी हेच होतं, ती आधी बघा.

एक सोपी तपासणी लाइव्ह डेटात आहे. हवेचा दाब मोजायचा सेन्सर बऱ्याच गाड्यांत ईसीएमच्या आतच असतो. मुंबई समुद्राला लागून, इथे साधारण १०० किलोपास्कल दिसायला पाहिजे, खंडाळ्याला उभे असाल तर ९४ च्या आसपास. कळंबोलीत उभी गाडी ८० दाखवत असेल तर आतला सेन्सर गेलाय आणि त्यामुळेच ती विनाकारण पॉवर कापत असेल.

मारलं कोणी?

समजा सगळं पास झालं आणि ईसीएमच खराब ठरला. तरी नवा मागवायच्या आधी जुना कशाने मेला ते शोधाच, नाहीतर नवा पण त्याच मार्गाने जाईल. इंजेक्टर आधी बघा. ईसीएमचे कपलर काढून प्रत्येक इंजेक्टरचा रेझिस्टन्स मोजा, सोलेनॉइडवाल्यात तो एक ओहमच्या पण खाली असतो, म्हणून मीटरच्या वायरीचा रेझिस्टन्स वजा करा, आणि सगळे इंजेक्टर एकमेकांशी जुळले पाहिजेत. मग प्रत्येकाची वायर अर्थला शॉर्ट आहे का बघा. सहा सिलिंडरच्या इंजिनात ईसीएम बऱ्याचदा तीन-तीन इंजेक्टर आतल्या एका ड्रायव्हर सर्किटवर चालवतो, एक शॉर्ट झाला की तिन्ही बंद. टॅपेट कव्हरखालची वायर तेलात कडक होऊन घासलेली असते, ती पण बघा.

दुसरं कारण वेल्डिंग. बॉडीवाले बॅटरी न काढता, ईसीएमचे कपलर न काढता वेल्डिंग करतात, आणि अर्थचा चिमटा लांब कुठेतरी लावतात, मग तो करंट वाट शोधत ईसीएममधून जातो. दोन्ही बॅटरीच्या वायरी काढायच्या, ईसीएमचे कपलर काढायचे, आणि वेल्डिंगचा अर्थ जिथे टाका मारायचाय त्याच्या शेजारीच लावायचा. हे कृपा करून आपापल्या ड्रायव्हरना समजावून सांगा.

तिसरं, चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल काढणं. अल्टरनेटरचा करंट जायला जागा राहत नाही आणि व्होल्टेज एकदम उसळतं. चौथं पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा रस्त्यावरच्या बहुतेक ट्रकांत यांत्रिक पंप होता, आता तसं पाणी भरलं तर प्रत्येक गाडीत एक कॉम्प्युटर बुडणार. पाण्यात बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नका, आधी बॅटरी सोडवा, कपलर खोलून सुकवा.

नवीन, जुना की रिपेअर

जुन्या ईसीएमच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो काढा, पार्ट नंबर, हार्डवेअर नंबर, सॉफ्टवेअर नंबर सगळं. बाहेरून सारखा दिसतो म्हणून चालत नाही, एकाच डब्यात वेगवेगळ्या हॉर्सपॉवरची सॉफ्टवेअर असतात.

माझं मत विचाराल तर गाडी पाच-सहा वर्षांच्या आतली असेल तर कंपनीचा नवीन. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना मिळू शकतो, पण त्यात दुसऱ्या गाडीचा चासी नंबर आणि इमोबिलायझर लॉक असतो, आणि तो डबा कुठल्या गाडीचा ते कळत नाही, चोरीच्या गाडीचा निघाला तर नंबर तुमच्या गाडीत सापडणार. घेतलाच तर पक्कं बिल घ्या. रिपेअर बद्दल, पॉवर सप्लायचा भाग किंवा इंजेक्टर ड्रायव्हर जळला असेल तर चांगला कारागीर तो करतो आणि वर्षानुवर्षं चालतो, प्रोसेसर किंवा मेमरी गेली असेल तर मी रिपेअरच्या नादाला लागत नाही. रिपेअर करून आलेल्या डब्याचं सील नीट भरलंय का बघा, इथल्या हवेत बारीक फट पण पुरते.

आणि "आता खोललाच आहे तर एससीआर बंद करून दे" असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. ते बेकायदेशीर आहे, आणि ती हवा आपल्याच पोरांच्या छातीत जाते.

बदलायच्या आधी डेटा

जुना ईसीएम थोडा तरी बोलत असेल तर सगळं वाचून सेव्ह करा, चासी नंबर, इंजिन नंबर, किलोमीटर, टायर साइज, एक्सल रेशो, स्पीड लिमिट, बीएस ६ मध्ये डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) राखेचा आकडा. तो बोलतच नसेल तर कागदपत्रं आणि गाडीवरच्या प्लेटवरून. इंजेक्टरचे कोड सगळ्यात महत्त्वाचे, प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला असतो, सिलिंडरच्या क्रमाने फोटो काढा. हे कोड न टाकता गाडी चालू होते, पण आयडलला थडथडते, धूर देते, आणि मग लोक इंजेक्टरवर पैसे घालतात.

बसवणं

गाडी सपाट जागी, चाकाला ठोकळे, चावी बंद, थांबा, कट ऑफ बंद आणि त्याउपर बॅटरीची मायनस पण सोडा. कपलर काढायच्या आधी भोवतालची घाण ब्रशने साफ करा, पाणी मारू नका. चेसिसला हात लावून अंगातला स्टॅटिक करंट सोडा, नव्या डब्याच्या पिनांना बोट लावू नका. जुन्याचे बोल्ट, रबर बुश आणि अर्थिंगची पट्टी कशी होती त्याचा फोटो घ्या. रबर कडक झाले असतील तर नवीनच लावा, नाहीतर घाटातली सगळी थरथर बोर्डावर जाते. अर्थच्या जागा चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट कसल्यावर वरून रंग किंवा ग्रीस, खाली कधीच नाही. हार्नेसच्या पिना आयपीएने धुवा, पूर्ण सुकू द्या. कपलर सरळ बसवा, लिव्हर शेवटपर्यंत टक् आवाज येईपर्यंत. वायरिंगला कपलरच्या खाली एक झोल ठेवा म्हणजे पाणी झोलावरून खाली ठिबकेल, कपलरमध्ये जाणार नाही.

प्रोग्रामिंग

ह्या वेळी व्होल्टेज हलता कामा नये. २४ व्होल्टचा चांगला सपोर्ट चार्जर लावा, हेडलाइट, ब्लोअर, टेप सगळं बंद, लॅपटॉप चार्जरवर, आणि इंटरनेट लागत असेल तर असं ठिकाण जिथे नेटवर्क तुटत नाही. अर्ध्यात तुटलं तर नवा डबा तिथेच अडकू शकतो. आधी त्या गाडीचं बरोबर सॉफ्टवेअर, मग चासी नंबर, मग इमोबिलायझर आणि चाव्या, मग इंजेक्टर कोड, मग टायर-एक्सल-स्पीड, मग बीएस ६ चे आकडे. स्पीड लिमिट जेवढी होती तेवढीच. प्रत्येक टप्प्यानंतर स्कॅनर सांगेल तेवढा वेळ चावी बंद ठेवा, त्या वेळातच ईसीएम लिहून ठेवतो.

स्टार्ट करायच्या आधी आणि नंतर

लगेच सेल्फ मारू नका. थंड इंजिनात चावी लावून लाइव्ह डेटा बघा. कूलंट, हवा, डिझेल सगळ्यांचं तापमान जवळजवळ सारखं, रेल प्रेशर शून्याच्या आसपास, पॅडल दाबल्यावर ० ते १०० सरळ जातो, हवेचा दाब १००. सगळं जुळलं की सेल्फ. बहुतेक इंजिनं रेल २०० बारच्या वर गेल्यावर उचलतात. चालू झाली की १० मिनिटं आयडल, चार्जिंग बघा, कोड बघा.

मग लोड भरून चालवा, रिकामी गाडी काहीच सांगत नाही. बोरघाट किंवा कसारा चढवून आणली तर इंजिन तापतं, बूस्ट पूर्ण येतो, इंजेक्टर पूर्ण करंट ओढतात, जो काही कच्चा जोड राहिला असेल तो तिथेच उघडा पडतो. परत आल्यावर पुन्हा कोड वाचा, ईसीएमच्या अर्थच्या बोल्टला हात लावून बघा, गरम लागला तर जोड अजून खराब आहे. तीन-चार दिवसांनी ड्रायव्हरला फोन करून विचारा.

जुना ईसीएम फेकू नका. त्यावर तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर, आलेले कोड आणि तुम्ही कुठल्या टेस्टवरून तो खराब ठरवला हे मार्करने लिहा, पिशवीत घालून मालकाच्या हातात द्या आणि सेव्ह केलेला डेटा त्यांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा.